आधी एकच परीक्षा, बाकीच्या नोकरीत शिरल्यावर

ताई,
मी बार्शीचा. वय चोवीस. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालं आणि तेव्हापासून इथल्याच एका इंटरनेटवाल्याकडे कामाला आहे. फायबर ओढणं, जॉइंट मारणं, ग्राहकाकडे राउटर लावणं, ऑफिसात मायक्रोटिक राउटरवर युजर तयार करणं, नेट बंद पडलं की धावणं, असं सगळं करतो. पगार तेरा हजार, तोही रोख. मला सायबर सिक्युरिटीत जायचंय. पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटचं पत्रक हातात आलंय: 'सीसीएनए, एमसीएसई, लिनक्स आणि सीईएच, आठ महिने, १००% प्लेसमेंट'. फी एक लाख चाळीस हजार. वडील मार्केट यार्डात तोलार आहेत. ते म्हणतात, आईचं गंठण सोनेतारणात ठेवू, पण तू शिक. एक मित्र म्हणतो नेटवर्किंगमध्ये वेळ घालवू नकोस, थेट एथिकल हॅकिंग कर. दुसरा म्हणतो सिक्युरिटी प्लस कर, जगभर चालतं. माझं इंग्रजी बेताचं आहे. कुठलं सर्टिफिकेट आधी करू? नोकरी सोडून पुण्याला येऊ का?
– एक वाचक, बार्शी

तुझं पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट सांगावीशी वाटली ती ही, की गंठण घरातच राहू दे. तुला जे हवंय त्यासाठी आत्ता एक लाख चाळीस हजार लागत नाहीत. त्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी पैशांत तुझी पहिली पायरी होते, आणि तेवढे तू स्वतःच्या पगारातून आठ-दहा महिन्यांत बाजूला काढू शकतोस. कसे, ते पुढे लिहिते. आधी ते पत्रक नीट वाचू.

त्यात एमसीएसई लिहिलंय, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं एक सर्टिफिकेट. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई या तिन्ही परीक्षा ३१ जानेवारी २०२१ ला कायमच्या बंद केल्या. म्हणजे ज्या परीक्षेला आज कोणालाही बसता येत नाही, तिचे पैसे ते तुझ्याकडून मागतायत. 'तोच अभ्यासक्रम शिकवतो, विंडोज सर्व्हर येईल तुला' असं उत्तर मिळेल. शिकवत असतीलही. पण शेवटी हातात पडेल तो इन्स्टिट्यूटच्या नावाचा कागद, मायक्रोसॉफ्टचा नव्हे. कंपनीत कागद तपासणारा माणूस हा फरक एका मिनिटात ओळखतो, कारण आजकाल सिस्को, मायक्रोसॉफ्ट किंवा कॉम्पटिया अशा मूळ परीक्षा काढणाऱ्यांचं सर्टिफिकेट ऑनलाइन पडताळता येतं आणि इन्स्टिट्यूटचं येत नाही.

म्हणून कुठल्याही इन्स्टिट्यूटला फोन केलास की हे विचार: परीक्षेचा कोड काय? परीक्षेची फी तुमच्या पैशात धरलीय की वेगळी? परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर होणार की तुमच्याच लॅबमध्ये? सीसीएनएचा, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या पायाभूत परीक्षेचा, कोड २००-३०१ आहे आणि ही परीक्षा फेब्रुवारी २०२० पासून चालू आहे. त्याआधी सीसीएनए राउटिंग स्विचिंग, सीसीएनए सिक्युरिटी अशा वेगवेगळ्या शाखा होत्या, त्या सिस्कोने त्याच वेळी बंद करून एकच सीसीएनए ठेवली. अजूनही कोणी 'सीसीएनए सिक्युरिटी' विकत असेल तर त्याच्या पत्रकाचं वय तुला कळलं. सीईएच ही ईसी-कौन्सिल या संस्थेची एथिकल हॅकिंगची परीक्षा. तिच्याबद्दलही असंच विचार, की त्या संस्थेचं अधिकृत प्रशिक्षण आणि परीक्षेचं व्हाउचर फीमध्ये आहे का. कारण अधिकृत प्रशिक्षण न घेता थेट परीक्षेला बसायचं तर ईसी-कौन्सिल माहिती सुरक्षेच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव मागतं आणि अर्जाची वेगळी फी घेतं. तुझ्याकडे तो अनुभव नाही. मग 'सीईएच क्लास' करून तू परीक्षेला बसणार कसा, हे त्यांना सांगू दे.

१००% प्लेसमेंटबद्दल एवढंच म्हणते, की 'प्लेसमेंट' आणि 'मुलाखतीला पाठवणं' यांतला फरक त्यांच्याकडून लेखी घे. आणि कोणी दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्ट जमा करायला सांगितल्या, किंवा 'बिनव्याजी हप्ते' म्हणून तुझ्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज काढायला लावलं, तर तिथून उठून ये. क्लास मध्येच सोडलास तरी ते हप्ते तुलाच भरावे लागतात.

आता मूळ प्रश्न. नेटवर्किंग की थेट सिक्युरिटी?

तुझा मित्र ज्याला एथिकल हॅकिंग म्हणतो, ते बहुतेक व्हिडिओतलं असावं. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, टूल चालवलं की पासवर्ड मिळाला. फ्रेशरला सिक्युरिटीत जी नोकरी खरोखर मिळते ती बहुतेक वेळा एसओसीमधल्या, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास सुरक्षेची नजर ठेवणाऱ्या कक्षातल्या, पहिल्या पातळीच्या ॲनालिस्टची. समोर स्प्लंक, क्यूरडार किंवा सेंटिनेलसारखं एसआयईएम असतं, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नोंदी गोळा करून धोक्याचे इशारे देणारं सॉफ्टवेअर. दिवसभर, रात्रभर अलर्ट येत राहतात आणि प्रत्येक अलर्टबद्दल तुला ठरवायचं असतं, की हे नेहमीचंच आहे की काही गडबड आहे आणि पुढच्या पातळीकडे पाठवायचं. अकाउंट्सच्या एका पीसीवरून रात्री अडीच वाजता पोर्ट ५३ वर भलताच मोठा ट्रॅफिक बाहेर जातोय. हा बॅकअप आहे का? बॅकअप ५३ वर का जाईल? ५३ तर डीएनएसचं पोर्ट, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचं दार. डीएनएसचं पाकीट (डेटाचा एक गठ्ठा) एवढं मोठं कसं? हे प्रश्न ज्याला आपसूक पडतात तोच तिथे टिकतो. आणि ते आपसूक पडायला नेटवर्क पायाखालचं असावं लागतं.

आपल्याकडचंच एक प्रकरण बघ. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेव्हा तू शाळेत असशील, पण त्यातला बराचसा पैसा २८ देशांतल्या एटीएममधून निघाला हे कदाचित ऐकलं असशील. एटीएमची मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत नेणारी जी स्विच प्रणाली असते, तिला बगल देणारी एक खोटी, प्रॉक्सी स्विच हल्लेखोरांनी उभी केली. एटीएमकडून आलेल्या मागणीला तीच 'हो, पैसे द्या' म्हणत राहिली आणि खऱ्या प्रणालीपर्यंत काही पोचलंच नाही. असं काही वेळेत पकडायचं तर कुठलं मशीन रोज कोणाशी, कुठल्या पोर्टवर, किती बोलतं हे माहीत असणारा माणूस तिथे लागतो. मी याला नेटवर्कचंच ज्ञान म्हणते. सिक्युरिटी त्याच्यावर चढते.

आणि तू, बार्शीत बसून, हे ज्ञान रोज हाताळतोयस. पत्रात तू ते 'असं सगळं करतो' म्हणून एका ओळीत उरकलंस याचं मला वाईट वाटलं. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी इंजिनिअर पोरांनी खरा ओएलटी, म्हणजे ऑफिसातून घराघरांत फायबर जिथून निघतं ते यंत्र, पाहिलेला नसतो. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे) त्यांना पुस्तकातून माहीत असतं, तू ते ग्राहकागणिक लावतोस. पॉवर मीटरवर उणे २९ डीबीएम (म्हणजे फायबरमधला प्रकाश फार क्षीण) दिसलं की लाइनमध्ये कुठेतरी जॉइंट खराब आहे किंवा फायबर कुठेतरी जास्त वाकलंय, हे तुला बघताक्षणी कळतं.

फरक एवढाच, की तुला 'काय करायचं' ते येतं, 'असं का होतं' हे कोणी सांगितलेलं नाही. एक उदाहरण घेते, कारण तुझ्यावर ही वेळ नक्की आली असेल. ग्राहक म्हणतो, 'गुगल चालतंय, यूट्यूब चालतंय, पण बँकेची साइट उघडत नाही, नुसती गोल फिरते.' तू राउटर बंद-चालू करतोस. कधी तेवढ्याने होतं, कधी नाही. मग ऑफिसातला कोणीतरी मायक्रोटिकवर काहीतरी बदलतो आणि साइट उघडते. काय झालं होतं? साध्या इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. तुमच्याकडे ग्राहक पीपीपीओईने, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून होणाऱ्या जोडणीने, जोडलेला असतो आणि पीपीपीओई प्रत्येक पाकिटाला स्वतःचे आठ बाइट लावतं. उरतात १४९२. आता समोरचा सर्व्हर पूर्ण १५०० चं पाकीट पाठवतो आणि त्यावर 'याचे तुकडे करू नका' अशी खूण असते. पाकीट तुमच्या उंबऱ्यावर मावत नाही. 'छोटं पाठव' असा निरोप आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कच्या सूचना नेणाऱ्या पाकिटाने, उलटा जायला हवा, पण वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. सर्व्हरला निरोप मिळत नाही, तो तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि इकडे साइट गोल फिरत राहते. छोट्या पाकिटांत चालणारं बाकी सगळं सुरळीत, म्हणून ग्राहकाला वाटतं बँकेचीच साइट बिघडलीय.

उद्या ऑफिसात पीपीपीओईच्या लाइनवरच्या विंडोज लॅपटॉपवरून पिंग कर. तुकडे न करण्याचा पर्याय लाव आणि आकार १४६४ बाइट दे. जाईल. १४६५ दे. अडेल. १४६४ मध्ये आयसीएमपी आणि आयपी हेडरचे २८ मिळवले की १४९२ होतात, झाला हिशेब पूर्ण. यावरचा इलाज म्हणजे टीसीपीच्या एमएसएसची, म्हणजे एका पाकिटात भरायच्या मजकुराची, मर्यादा १४५२ वर आणणं, कारण १४९२ मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० गेले. तुमच्या ऑफिसातला माणूस मायक्रोटिकवर बहुधा हेच बदलत असणार.

हे मी एवढं लांबण लावून लिहिलं, कारण मुलाखतीला मी समोर बसते तेव्हा मला नेमकं हेच ऐकायचं असतं. उमेदवाराने एक खरा बिघाड सांगावा, तो कसा शोधला ते सांगावं आणि प्रत्येक पायरीला 'का' ला उत्तर द्यावं. 'ओएसआय मॉडेलचे सात थर सांगा' हे सगळ्यांचंच पाठ असतं. ही १४६४ आणि १४६५ ची गोष्ट ज्याने स्वतः करून पाहिलीय तो बोलायला लागला की सर्टिफिकेट टेबलावर असून कोणी बघत नाही. पण मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचायला ते लागतं. बार्शीचा पत्ता आणि रोखीचा पगार असलेल्या मुलाचा बायोडेटा शंभरातून बाजूला निघायला एचआरला एखादा ओळखीचा शब्द दिसावा लागतो. सर्टिफिकेटचं काम मला तेवढंच दिसतं, आणि तुझ्यासाठी तो शब्द सीसीएनए आहे.

सीसीएनएच का, तर व्हीलॅन, नॅट, डीएचसीपी यातलं बरंच तुला हाताने येतं. नवीन शिकायचं ते ओएसपीएफ, स्पॅनिंग ट्री, ॲक्सेस लिस्ट, आयपीव्ही६, वायरलेस आणि थोडं ऑटोमेशन. अभ्यासक्रमात सुरक्षेच्या मूळ गोष्टींना १५% भार आहे, आयपी राउटिंगला सगळ्यात जास्त, २५%. परीक्षा दोन तासांची, फी ३०० डॉलर. कर धरून आजच्या दराने तीस हजारांच्या आसपास जाते. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. शिकण्यासाठी सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीवर नाव नोंदव, पॅकेट ट्रेसर तिथून फुकट मिळतं आणि तुझ्या ऑफिसच्या साध्या पीसीवरही चालतं. यूट्यूबवर पूर्ण सीसीएनए पहिल्यापासून शेवटपर्यंत मोफत शिकवलेलं आहे. त्यामुळे दर महिना तीन-साडेतीन हजार टपालात किंवा बँकेत आवर्ती ठेवीत टाकत गेलास की अभ्यास संपेपर्यंत फी जमलेली असेल. वडिलांना मदत करायचीच असेल तर त्या हप्त्यातला थोडा वाटा त्यांनी उचलावा.

सबनेटिंग, म्हणजे एका मोठ्या जाळीच्या छोट्या जाळ्या पाडणं, रोज कर. सकाळी चहा होईपर्यंत पाच गणितं. १९२.१६८.१०.० ला /२६ लावलं तर जाळी किती? चार. प्रत्येकात वापरता येणारे पत्ते? बासष्ट. .१३० हा पत्ता कुठल्या जाळीत? .१२८ च्या. हे कागदाशिवाय यायला लागलं की परीक्षेतला तुझा वेळ वाचतो, आणि तो वाचणं गरजेचं आहे, कारण सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेलास की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. काही प्रश्न प्रत्यक्ष लॅबचे असतात, राउटरवर कमांड टाकून काम करून दाखवायचे.

'डम्प' मिळतील तुला. टेलिग्रामवर शे-दोनशे रुपयांत, 'हेच प्रश्न येतात' म्हणून. घेऊ नकोस. सिस्कोला कळलं तर निकाल रद्द होतो आणि पुढे परीक्षा देण्यावर बंदी येते, हे एक. दुसरं म्हणजे, डम्प पाठ करून पास झालेला मुलगा मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतो. तो गप्प होताना बघणं आम्हालाही अवघड जातं. घरच्यांचे पैसे गेलेले असतात आणि त्याला स्वतःलाच माहीत असतं की आपल्याला येत नाही.

आता दुसऱ्या मित्राचं सिक्युरिटी प्लस, म्हणजे कॉम्पटियाची सुरक्षेची पायाभूत परीक्षा. परीक्षा चांगली आहे. सध्याची आवृत्ती एसवाय०-७०१ नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं. पण तिचा एवढा गाजावाजा का आहे ते समजून घे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या यंत्रणांवर काम करणाऱ्यांसाठी मान्य सर्टिफिकेटांची यादी केली, आधी ८५७० या नियमाखाली आणि आता ८१४० खाली. सिक्युरिटी प्लस त्या यादीत आहे. तिथल्या संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर काम करायचं तर बऱ्याचदा ती मागतात, म्हणून इंग्रजीतला प्रत्येक सल्ला तिच्यापासून सुरू होतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही. तुझ्या सीसीएनएनंतर, सिक्युरिटीकडे वळताना, ती दुसरी म्हणून ठीक आहे.

सीईएच आपल्याकडे इतकं का दिसतं याचंही कारण असंच आहे. बँका आणि सरकारी खात्यांच्या निविदांमध्ये अनेकदा अट असते, की काम करणाऱ्या माणसांकडे सीईएच, सीआयएसए, सीआयएसएसपी, ओएससीपी या सुरक्षेच्या सर्टिफिकेटांपैकी काहीतरी हवं. निविदा भरणाऱ्या कंपनीला ती नावं कागदावर दाखवावी लागतात, म्हणून ती जाहिरातीत उतरतात. म्हणजे सीईएचची गरज खरी आहे, पण ती बहुतेकदा कंपनीची असते, आणि ज्याची गरज त्याने पैसे भरावेत. नोकरीत शिरल्यावर कंपनी स्वतःच म्हणते, 'ही परीक्षा दे, फी आम्ही देतो.' तेव्हा दे. स्वतःच्या खिशातून, घरचं सोनं ठेवून, पहिली परीक्षा म्हणून सीईएच देऊ नकोस हे माझं ठाम मत आहे. १२५ पर्यायी प्रश्नांच्या त्या परीक्षेने तुला हल्ला करता येतो की नाही हे कोणालाच कळत नाही. त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी असते आणि पत्रकवाले तिचं नाव घेत नाहीत.

पेनिट्रेशन टेस्टिंगच, म्हणजे परवानगीने यंत्रणा फोडून तिच्यातल्या फटी शोधणंच, करायचं हे पुढे पक्कं झालं, तर ओएससीपी. पावणेचोवीस तास प्रत्यक्ष मशीन फोडायची आणि पुढच्या चोवीस तासांत अहवाल लिहायचा. ती आत्ताची गोष्ट नव्हे. सीआयएसएसपी आणि सीआयएसए यांना पाच वर्षांचा अनुभव लागतो, ती नावं सध्या फक्त ऐकून ठेव.

त्यापेक्षा तुझ्या हाताशी असलेलं एक सांगते. मायक्रोटिक कंपनीची स्वतःची एमटीसीएनए ही परीक्षा आहे. ती त्यांच्या मान्य प्रशिक्षकाच्या वर्गात बसूनच देता येते. तुझ्या मालकाला तिचा थेट उपयोग आहे, तो खर्च उचलत असेल तर जरूर कर. स्वतः पैसे घालू नकोस. फोर्टिनेट या फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचं स्वतः शिकायचं ऑनलाइन साहित्य मोफत आहे. पतसंस्था, कॉलेजं, कारखाने अशा ठिकाणी फोर्टिगेट किंवा सोफोसची फायरवॉल बऱ्याचदा दिसते. सीसीएनएतली ॲक्सेस लिस्ट समजली की ते साहित्य बघ, फायरवॉलची पॉलिसी कशी लिहितात ते लगेच कळेल. लिनक्ससाठी क्लास नको. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाक आणि रोजचं काम त्यावरच कर, आणि 'ओव्हरदवायर'वरचा बँडिट हा सराव सोडव, तो फुकट आहे आणि सिक्युरिटीच्या अंगाने लिनक्स शिकवतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मला काळजी वाटते. तू इंटरनेटवाल्याकडे काम करतोस, म्हणजे शेकडो घरांचे राउटर तुझ्या आवाक्यात आहेत. सराव करायची हौस आली की 'बघू तरी कोणाचा पासवर्ड ॲडमिन-ॲडमिन आहे' असं वाटणं अगदी सोपं आहे. करू नकोस, चुकूनही नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'शिकत होतो' हा बचाव टिकेल या भरवशावर राहू नकोस. आणि या क्षेत्रात चारित्र्याची चौकशी होते, एक तक्रार आली की दार बंद. सराव स्वतःच्या दोन राउटरवर, पॅकेट ट्रेसरमध्ये किंवा ट्रायहॅकमीसारख्या ठिकाणी, जिथे फोडायलाच मशीन ठेवलेली असतात.

त्याउलट, मालकाला विचारून करता येईल असं एक काम सुचवते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते, लॉग, म्हणजे यंत्रांच्या कामाच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळवलेली असायला हवीत. तुमच्या ऑफिसात मायक्रोटिकचे लॉग कुठे जातात? घड्याळ बरोबर आहे का? एक जुना पीसी घे, त्यावर लिनक्स टाक, सगळे लॉग एका जागी गोळा करणारा सिसलॉग सर्व्हर उभा कर, सगळ्या राउटरना एनटीपी लाव. एनटीपी आणि सिसलॉग दोन्ही सीसीएनएच्या अभ्यासक्रमात आहेत. मालकाचं एक कायदेशीर काम होईल, आणि तुझ्या बायोडेटावर एक ओळ येईल जी वाचून एसओसीचा माणूस थांबेल, कारण त्याचा सगळा धंदाच लॉगवर चालतो.

इंग्रजीची धास्ती सोड. तुला भाषण द्यायचं नाहीये. नोकरीत लागतं ते तिकीट लिहिण्यापुरतं इंग्रजी, तक्रार काय, काय तपासलं, काय सापडलं, काय केलं. रोज रात्री त्या दिवसाच्या एका बिघाडाबद्दल या चार ओळी इंग्रजीत वहीत लिही. चुकल्या तरी लिही. परीक्षेपर्यंत त्या वहीत दीडशे-दोनशे खरे बिघाड जमलेले असतील आणि मुलाखतीत 'टेल मी अबाउट अ प्रॉब्लेम यू सॉल्व्ड' म्हटल्यावर तुला शोधत बसावं लागणार नाही.

नोकरी सोडू नकोस. पुण्याला ये तो परीक्षेपुरता, आणि येताना तुझं नाव नोंदणीत आणि ओळखपत्रावर अक्षर न् अक्षर सारखं असू दे. सिस्कोच्या खात्यावर वडिलांचं नाव मध्ये आणि आधारवर नाही, अशा गोष्टींवरून केंद्रावर मुलं अडकतात. पास झालास की पहिला अर्ज एसओसीला कर आणि एनओसी (नेटवर्क चालू ठेवणारा कक्ष), नेटवर्क सपोर्टलाही कर. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटर आहेत, पुण्यात हिंजवडी आणि खराडी आहे. एनओसी मिळालं तर घे. रात्रपाळी असेल, कंटाळवाणं वाटेल, पण तिथून वर्ष-दीड वर्षात सिक्युरिटीच्या टीममध्ये सरकता येतं. आणि तिथे बसल्यावर पुढची परीक्षा कुठली ते तुला शेजारच्या टेबलावरूनच कळेल, मला विचारावं लागणार नाही.

त्याआधी या महिन्यातच मालकाशी दोन गोष्टी बोल. पगार बँकेत जमा करायला सांग, निदान पुढच्या महिन्यापासून. रोखीच्या पगाराचा पुरावा नसतो आणि मोठी कंपनी अनुभव मोजताना बँकेचे उतारे आणि पगाराच्या स्लिपा मागते. आणि लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे, ज्यात रुजू झाल्याची तारीख, तुझं पद आणि कामाचं नाव स्पष्ट असेल. 'टेक्निशियन' एवढंच नको. जीपॉन ओएलटी, पीपीपीओई, व्हीलॅन, मायक्रोटिक राउटर, ग्राहकांच्या बिघाडांचं निवारण, हे शब्द त्यात येऊ दे. मसुदा तूच टाइप करून ने, ते वाचून सही करतील.